चावी फिरली, मग काय झालं?



गाडीची चावी तर तुम्ही रोजच बघता. बाबांच्या खिशात, आईच्या पर्समध्ये, नाहीतर दारामागच्या खिळ्याला लटकलेली. पण चावी ज्या भोकात जाते, त्या भोकाच्या मागे काय असतं, हे किती जणांनी पाहिलंय? हात वर करा पाहू! बघा, वर्गात दोनच हात वर आले.

आमचं थेरगाव म्हणजे गाड्यांच्या शेजारचं गाव. एका बाजूला आकुर्डी, पलीकडे पिंपरी-चिंचवडचे कारखाने, आणखी पुढे गेलं की चाकण. त्यामुळे आमच्या शाळेतल्या मुलांना पाढ्यांआधी गाड्यांची नावं पाठ होतात. मागच्या आठवड्यात चौथीतल्या एकाने मला विचारलं, "बाई, मामाच्या जीपचा चावीचा स्विच गेलाय. दुकानात तीन तऱ्हेचे स्विच आहेत. मामा म्हणतो, चकचकीत दिसतो तो घेऊ. घ्यावा का?"

प्रश्न छोटा, पण झकास! आज त्याचंच उत्तर शोधू या.

हँडलपासून चावीपर्यंत

पूर्वी मोटार सुरू करणं हे पहिलवानाचं काम होतं. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालायचं आणि जोर लावून इंजिन फिरवायचं. कधीकधी इंजिन उलटा झटका द्यायचं आणि फिरवणाऱ्याचं मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. आपण त्यालाच 'सेल्फ' म्हणतो. तरीही बरीच वर्षं चावी वेगळी आणि सेल्फचं बटण वेगळं असायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये तर सेल्फ पायाने दाबावा लागे! एकच चावी फिरवून दोन्ही कामं करायची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली.

त्याच काळात अमेरिकेतले तरुण एक उद्योग करत होते. फोर्डची जुनी गाडी स्वस्तात घ्यायची, जादा पत्रा काढून टाकायचा, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं आणि भन्नाट पळवायची. अशा गाडीला म्हणतात 'हॉट रॉड'. आपल्याकडे तिची सख्खी नाही, पण चुलत बहीण आहे. ती म्हणजे जुनी जीप! महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीप लोक अजून हौसेने नटवतात. कुणी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवतं. (त्यासाठी आधी आरटीओची परवानगी लागते बरं का. आपल्याकडे एमएच-१४ वाल्यांची!)

आता गंमत पाहा. इंजिन एका गाडीचं, वायरिंग दुसऱ्या गाडीचं, डॅशबोर्ड तिसरीचा. मग दुकानदाराला "अमक्या गाडीचा स्विच द्या" असं सांगून कसं भागेल? गाडीचं नाव सांगून उपयोग नाही, स्विचने कोणतं काम करायचंय ते सांगावं लागतं.

एक चावी, चार मुक्काम

साधारण मोटारीच्या स्विचला चार मुक्काम असतात.

पहिला, बंद. सगळं झोपलेलं.

दुसरा, 'ॲक्सेसरी'. रेडिओ, पंखा असल्या वस्तू चालू होतात, इंजिन बंदच.

तिसरा, 'ऑन'. ठिणगी पाडणारी यंत्रणा, डॅशबोर्डचे काटे आणि दिवे यांना वीज मिळते. गाडी धावत असते तेव्हा चावी याच मुक्कामावर असते.

चौथा, 'स्टार्ट'. इथे सेल्फ फिरतो. इंजिन धडधडलं, चावी सोडली, की आतली स्प्रिंग तिला आपोआप तिसऱ्यावर परत आणते.

चौथ्या मुक्कामाची एक खुबी नीट लक्षात ठेवा. सेल्फला वीज फार लागते, म्हणून तेवढ्यापुरता पंखा आणि रेडिओ बंद ठेवतात. पण ठिणगीची वीज मात्र तोडायची नाही! चुकीचा स्विच बसवला की नेमकं हेच होतं. चावी धरून ठेवली तर सेल्फ घरघर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. चावी सोडली, की जाता जाता एखादा झटका देतं. माणूस बिचारा बॅटरीला आणि इंजिनाला दोष देत बसतो. चूक असते पाठीमागच्या डबीत.

दुकानात विचारायचे चार प्रश्न

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' असं आपण म्हणतो ना? स्विचच्या बाबतीत ते तंतोतंत खरं आहे. म्हणून चार प्रश्न विचारायचे.

प्रश्न पहिला : इंजिन कोणतं? पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीची वीज तोडली की ते थांबतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. आत हवा इतकी दाबली जाते, की तापून तिच्यात डिझेल आपसूक पेटतं. त्यामुळे त्याला थांबवायचं तर डिझेलच बंद करावं लागतं. जुन्या डिझेल जीपमध्ये त्यासाठी ओढायची वेगळी मूठ असे. नंतर वीज गेली की डिझेल अडवणारा व्हॉल्व्ह आला. शिवाय पुष्कळ डिझेल इंजिनांना थंडीत सुरू होण्याआधी हीटर प्लग तापवावे लागतात, म्हणून त्यांच्या स्विचला एक 'हीट' नावाचा जादा मुक्काम असतो. मग पेट्रोल जीपचा स्विच डिझेलला चालेल का? तुम्हीच सांगा!

आणि मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या स्कूटरचा प्रकार तर अगदी उलटा. तिथे चावी बंद केली की स्विच जोडला जातो! मॅग्नेटोची वीज ठिणगीकडे न जाता गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे 'अर्थ'ला जाते आणि इंजिन थांबतं. जीपचा स्विच तिथे लावला तर सगळा उलटा कारभार.

प्रश्न दुसरा : मागे टोकं किती आणि कशाची? स्विचच्या पाठीवर वायरी जोडायची टोकं असतात. बॅटरीचं एक, ॲक्सेसरीचं एक, ठिणगीचं एक, सेल्फचं एक. काही स्विचवर त्यांची इंग्रजी आद्याक्षरं असतात. जर्मन पद्धतीच्या स्विचवर आकडे असतात. बॅटरीचं ३०, ठिणगीचं १५, सेल्फचं ५०. जुना स्विच काढण्याआधी कुठली वायर कुठे होती हे कागदावर काढून ठेवायचं. नुसत्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. चार हातांतून गेलेल्या गाडीत लाल वायर कुठे जाईल, सांगता येत नाही!

प्रश्न तिसरा : किती वीज सोसेल? इथे गणित आलं. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या गाडीत ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. युद्धकाळातल्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या. तिथे तेवढ्याच उजेडासाठी लागतील सुमारे १८ अँपिअर, म्हणजे दुप्पट! स्विचवर १० अँपिअर लिहिलं असेल आणि त्यातून १८ नेले, तर तो तापणार, आतलं प्लास्टिक वितळणार. जळका वास आला की समजायचं.

आणि सेल्फ? तो शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही जास्त खातो. एवढी वीज चावीच्या स्विचमधून नेतच नाहीत. स्विच फक्त इशारा देतो आणि सेल्फजवळचा सोलेनॉइड नावाचा मोठा स्विच जाड केबल जोडतो. मुकादमाने नुसती शिट्टी वाजवावी आणि गडी माणसांनी ओझं उचलावं, तसं. दिव्यांसाठीही अशीच युक्ती करतात. त्या छोट्या मदतनीसाला म्हणतात 'रिले'. त्यामुळे चावीच्या स्विचवरचा भार हलका होतो.

प्रश्न चौथा : 'टक्' होतं का? चावी एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जाताना हाताला स्पष्ट 'टक्' जाणवलं पाहिजे आणि तिथेच ती ठाम बसली पाहिजे. हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. पण चारांत तोच सगळ्यात महत्त्वाचा. कारण ऐका.

एका स्प्रिंगची किंमत

२०१४ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीला सुमारे २६ लाख छोट्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोष कुठे होता? इग्निशन स्विचमध्ये! चावीला 'ऑन'वर धरून ठेवणारी आतली स्प्रिंग-खुंटी पुरेशी घट्ट नव्हती. रस्त्यात खड्डा आला, गुडघा लागला किंवा जुडगा जड असला, की चावी घसरून 'ॲक्सेसरी'वर यायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद! स्टिअरिंग जड, ब्रेक जड आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायच्या नाहीत. नुकसानभरपाई देताना १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले म्हणून मान्य झाले. त्या गाड्या इथल्या नव्हत्या. पण याच कंपनीचा कारखाना २००८ पासून २०२० पर्यंत आपल्या शेजारी तळेगावला होता, म्हणून ही हकिगत मुद्दाम सांगितली. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना काय सांगितलं होतं, माहीत आहे? "जुडग्यातून बाकी सगळं काढा. चावी एकटीच लावा."

तेव्हा मामाला सांगायचं, चकचकीत नको, ठाम 'टक्' करणारा घे. आणि घराची, कपाटाची, गोदरेजची कुलुपं एका जुडग्यात घालून तो गाडीला लटकवू नकोस!

करून पाहा

ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडून भंगारातला एक जुना स्विच मागून आणा. गाडीतला नको, सुटा हवा. एक टॉर्चचा सेल, एक छोटा बल्ब आणि वायरीचे तुकडे घ्या. सेलचं एक टोक बल्बला जोडा. बल्बची एक आणि सेलची एक अशा दोन वायरी मोकळ्या राहतील. त्या स्विचच्या दोन टोकांना लावा आणि चावी फिरवा. बल्ब लागला, म्हणजे त्या मुक्कामावर ती दोन टोकं आतून जोडलेली आहेत. वहीत तक्ता आखा : आडवे मुक्काम, उभ्या टोकांच्या जोड्या. बल्ब लागला तिथे बरोबरची खूण करा. तक्ता पुरा झाला, की चौथ्या मुक्कामावर ठिणगीचं टोक जिवंत राहतं का, ते तपासा. राहत नसेल, तर तो स्विच पेट्रोल जीपच्या कामाचा नाही!

खऱ्या गाडीवरचं काम मोठ्या माणसांचं. तेही आधी बॅटरीची उणे, म्हणजे मायनसची वायर सोडवूनच. का? गाडीचा सांगाडा बहुतेक करून उणे टोकाला जोडलेला असतो. आधी अधिक टोक सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर भला मोठा जाळ होतो. जोडताना उलट, उणे टोक सगळ्यात शेवटी.

पालकांसाठी दोन वाक्यं. मुलांना गॅरेजमध्ये उभं राहून बघू द्या, प्रश्न विचारू द्या. पण गाडीची चावी मात्र त्यांच्या हाती देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे.

आता या आठवड्याचा प्रश्न : मोठी माणसं सेल्फ मारतात, तेव्हा गाडीचे चालू असलेले दिवे क्षणभर मंद होतात. का बरं? आज संध्याकाळी शेजारच्या रिक्षाकडे किंवा जीपकडे नीट बघा आणि कारण वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात पडताळून पाहू!