आधी शोधा, मग लिहा

आमच्या वाचनालयातली पुस्तकं संगणकावर चढवायचं काम सध्या चालू आहे. प्रोग्राम नातीने लिहिलाय, पायथन भाषेतल्या जँगोवर. टायपिंग माझं. परवा पाहतो तर लेखकांच्या यादीत पु. ल. देशपांडे तीन वेळा! एकदा टिंबानंतर जागा सोडून, एकदा न सोडता आणि एकदा आडनाव आधी.

नात म्हणाली, "आजोबा, पुस्तकाच्या नोंदीत लेखकाचं नाव नसतंच, लेखकाच्या नोंदीचा क्रमांक असतो. नवं पुस्तक जुन्या लेखकाला जोडायचं तर आधी त्याची नोंद शोधून आणायची आणि पुस्तकाला द्यायची. हे काम ओआरएम करतो. मी 'गेट ऑर क्रिएट' वापरलंय. सापडला तर तोच, नाही तर नवा."

सोय छान आहे. पण यंत्र अक्षराला अक्षर लावून पाहतं. एक जागा कमीजास्त झाली की त्याच्या लेखी माणूस वेगळा!

मला एकदम शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. मूल दाखल झालं की त्याला एक नंबर, आणि पुढचं सगळं त्या नंबराला बांधलेलं. एका वर्षी एक मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला तो वर्षभराने परत आला. मी घाईत होतो. मागची पानं न उलटता नव्या नंबरावर त्याचं नाव घातलं. वडिलांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे 1 जून लिहिली. जुन्या नोंदीतही 1 जूनच होती, पण वर्ष निराळं! पुढे जातीच्या दाखल्यासाठी त्याने जुन्या रजिस्टरचा उतारा काढला, तेव्हा हे उघडकीस आलं. नोकरीच्या ऐन वेळी बिचारा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. मला एवढंच म्हणाला, "गुरुजी, दोन्हीकडे अक्षर तुमचंच आहे."

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. माणसांच्या नावावर 'गेट ऑर क्रिएट' नको. नाव टाइप करताना सारख्या नावांची यादी समोर यावी, त्यातून माणसाने निवडावं. नवी नोंद करणं ही वेगळी पायरी असावी, मुद्दाम दाबायच्या बटणाची. 'विशाखा'चे कुसुमाग्रज आणि 'नटसम्राट'चे वि. वा. शिरवाडकर एकच, हे यंत्राला कोण सांगणार? उलट एकाच नावाचे दोन लेखक असले तर ते चूपचाप दुसऱ्याची पुस्तकं पहिल्याच्या नावावर घालेल. तीन पु. ल. निदान यादीत डोळ्यांना दिसले. एकात मिसळलेली दोन माणसं दिसतही नाहीत, आणि पुन्हा वेगळी करायची तर एकेक पुस्तक हातात घ्यावं लागतं.

नातीचं म्हणणं, याने वेळ फार जाईल. जाईल ना! दर पुस्तकामागे अर्धा मिनिट. त्या मुलाचे किती दिवस गेले, त्याचा हिशोब मी कधी विचारला नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे खरं.

असो. काल तिने यादीची सोय करून दिली. आज दिवसभरात चाळीस पुस्तकं झाली, नवे लेखक फक्त सहा. तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर टोपणनावांचं काय केलंत, ते जरूर कळवा.