पट्टीचे खेळाडू

मराठी भाषेचे बोटांवर फार प्रेम आहे. आपण दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवतो, त्याच्या नावाने बोटे मोडतो, जमल्यास त्याला बोटावर नाचवतो, आणि एवढे करूनही तो पुढे गेला की तोंडात बोट घालतो. ज्याची पाची बोटे तुपात त्याचा हेवा करतो आणि सरकार काही करेनासे झाले की त्याच्या धोरणाला बोटचेपे म्हणतो. सगळा कारभार बोटांच्या जिवावर. पण खुद्द बोटाची वास्तपुस्त कुणी करीत नाही. कंबर धरली की घरात चार माणसे धावतात. गुडघ्यांसाठी तर हल्ली अख्खी इस्पितळे उभी राहिली आहेत. बोट दुखते म्हणून रजेचा अर्ज देऊन बघा. साहेब चष्म्यावरून पाहत विचारतात, "कुठलं?" आणि तुम्ही "करंगळी" म्हणालात की सबंध शाखेची चहापर्यंतची सोय होते.

मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. आहे, आणि माझे स्पष्ट मत आहे की बोट हा शरीरातला कारकून आहे. यात भावनेचा भाग नाही, शरीरशास्त्र आहे. बोट वाकवणारे स्नायू बोटात नसतातच. मुख्य मंडळी बसतात वर, कोपर ते मनगट या टापूत. तिथून निघालेल्या दोऱ्या (डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतात) मनगटाखालून बोटाच्या टोकापर्यंत आलेल्या असतात. हेड ऑफिसने वर बसून दोरी ओढायची आणि खाली काउंटरवर आपण वाकायचे. ताकद त्यांची, अपघात आमचे. बोटाच्या स्वतःच्या मालकीची म्हणाल तर तीन इवलीशी हाडे, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक बंध, आणि वरून कातडे.

हे बोटपुराण वाचण्याची वेळ माझ्यावर आमच्या कन्येने आणली. ती चौदा वर्षांची असून ज्युदो शिकते. का शिकते, असे विचारू नका. आम्ही तिला कथ्थकला घालायला निघालो होतो. तो क्लास दुसऱ्या मजल्यावर होता आणि ज्युदोचा तळमजल्यावर.

आता आपल्या कुस्तीची गोष्ट वेगळी. पैलवानाच्या अंगावर लंगोट. धरायचे ते अंग. त्या अंगाला माती, त्या मातीत तेल, ताक, हळद. तिथे बोटाला चिकटपट्टी लावणे म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्यावर पोस्टाचे तिकीट चिकटवण्यासारखे. पण ज्युदो हा कोटाचा खेळ. 1882 साली जपानात जिगोरो कानो नावाच्या एका शिक्षकाने तो बसवला आणि 1964 साली टोकियोला तो ऑलिंपिकमध्ये गेला. त्यात समोरच्याने जाड सुती जाकीट घातलेले असते आणि मारामारीची सुरुवातच ते धरण्यावरून होते. एका हातात त्याची बाही, दुसऱ्या हातात त्याची कॉलर. मग तो साठ किलोचा गृहस्थ अंग झटकून निघून जायला बघतो आणि त्याचा कोट तुमच्या चार बोटांत अडकलेला असतो. डोंबिवलीला फास्ट लोकलच्या दांड्याला चार बोटे लावून ज्याने पावसाळा काढला आहे, त्याला मी याहून जास्त काय सांगू?

म्हणून ज्युदोवाले बोटांना पट्ट्या बांधतात. आणि या पट्टीवरून आमच्या क्लासमध्ये जे पक्ष पडले आहेत, त्या सर्वांशी माझे भांडण आहे.

पहिला पक्ष मर्दानी. यांचे म्हणणे, पट्टी म्हणजे नाजूकपणा. "खाशाबांनी कुठे पट्ट्या बांधल्या होत्या?" असे एका पालकाने मला छाती पुढे काढून विचारले. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते फ्री-स्टाईल कुस्तीत. तिथे धरायला कोटच नव्हता. ज्या खेळात कोट नाही त्यातला साक्षीदार कोटाच्या खटल्यात काढायचा, हा कुठला कायदा? आणि खेळ करणाऱ्यांना बोटांची काळजी नव्हती असे समजू नका. प्रतिस्पर्ध्याची बोटे पिरगाळायला कुस्तीच्या नियमांत बंदी आहे. ज्युदोतही बोटे उलटी वाकवून पकड सोडवली, किंवा समोरच्याच्या बाहीच्या तोंडात आतून बोटे घातली, तर पंच दंड देतात. ज्यांनी माणसाला उचलून पाठीवर आपटायला परवानगी दिली, त्यांनी बोटापाशी मात्र हात आखडता घेतला, यावर मर्दानी पक्षाने थोडा विचार करावा. छाती आत घेऊन केला तरी चालेल.

दुसरा पक्ष पट्टीभक्तांचा. ही मुले मोबाईलवर परदेशी खेळाडूंची बोटे बघतात आणि दुसऱ्या दिवशी दहाही बोटे गुंडाळून येतात. दुखते कुठले? कुठलेच नाही. गणपतीच्या मांडवाचे बांबू सुतळीने आवळावेत तशी ती बोटे दिसतात आणि साधारण तितकीच वाकतात. धडधाकट बोटाला पट्टी बांधल्याने त्याला बळ येत नाही. ते बळ वर हेड ऑफिसात, पकडीचा सराव करून कमवावे लागते. आमच्या डॉक्टरांनी कन्येला पहिली गोष्ट शिकवली ती पट्टीची नव्हे, पकडीची: करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी सैल, आणि पकड सुटणारच असे दिसले की ती आपण होऊन सोडायची. गेलेली पकड पुन्हा घेता येते. पट्टीभक्त नेमके इथेच फसतो. पट्टीच्या जोरावर तो सोडायच्या वेळी धरून बसतो. अहो, गवयाला पट्टीचा म्हणतात ते त्याने गळ्याला पट्टी गुंडाळली म्हणून नव्हे!

हे दोन्ही पक्ष तसे करमणुकीचे आहेत. माझा खरा राग तिसऱ्यावर आहे. तो समंजस दिसतो, प्रेमळ असतो, आणि बहुधा त्याच्याच हातात पट्टीचे रीळ असते. बोट दुखावले? "काही नाही रे, मुरगळलंय. पट्टी बांध आणि ये मॅटवर." हा पट्टीला औषध समजतो.

इथे मला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी नोटांच्या पुडक्यांना पिना मारीत. 2001 साली रिझर्व्ह बँकेने त्या बंद करायला लावल्या आणि कागदी पट्टी आली. शंभर नोटा, वर पट्टी, पट्टीवर शिक्का आणि सही. पण कुठलाही कॅशियर पट्टी बघून पुडके घेत नाही. तो आत मोजतो. कारण पट्टी एवढेच सांगते की कुणीतरी हे बांधले. आतल्या नोटा शंभर आहेत की अठ्ठ्याण्णव, त्यातली एखादी फाटकी आहे की काय, हे पट्टीला माहीत नसते. बोटाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसे बाहेरून पट्टी बघून आत सगळे ठीक आहे असे धरून चालतात.

आमच्या क्लासमध्ये बारावीचा एक मुलगा होता. समोरच्याचा कोट धरलेला असताना तो झटक्यात निसटला आणि याच्या अनामिकेत काहीतरी तट्‌कन वाजले. सूज आली. पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी परत पट्टी. असे तीन आठवडे चालले. मुलगा गुणी, दुखते म्हणाला की मर्दानी पक्ष हसेल म्हणून बोलला नाही. बोट सगळे वाकत होते, फक्त शेवटचे पेर वाकत नव्हते. पण पट्टीत गुंडाळलेल्या बोटाचे शेवटचे पेर वाकत नाही हे कळणार कुणाला? शल्यविशारदांनी मधले पेर चिमटीत धरून "आता टोक वाकव" म्हटले, आणि टोक जागचे हलले नाही. टोकाच्या हाडाला चिकटलेली ती हेड ऑफिसची दोरी तिथूनच उपटून आत सरकली होती. या दुखण्याला इंग्रजीत जर्सीचेच नाव आहे, कारण पळणाऱ्याची जर्सी धरताना ते होते. आणि बहुतेक वेळा अनामिकेलाच होते. लवकर, शक्यतो आठवड्या-दहा दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर दोरी परत शिवता येते. उशीर झाला की ती आखडत जाते आणि डॉक्टरांचे पर्यायही आखडत जातात. त्या मुलाला तबल्याचाही नाद होता. आता तो नुसता ऐकतो.

याउलट काही वेळा टोक खाली लोंबते आणि सरळ करता येत नाही. त्याला सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस सरळ पट्टीत ठेवावे लागते, आणि मध्येच एकदा जरी वाकू दिले तरी मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे बिचारे बोट आमच्या खात्यातल्या कायम न होणाऱ्या शिपायासारखे. एक दिवस खाडा झाला की सेवा नव्याने सुरू. तेव्हा टोक वाकत नसेल, सरळ होत नसेल, बोट तिरके दिसत असेल, तर पट्टीचे रीळ खाली ठेवा आणि रिक्षा बोलवा. आणि कृपा करून "ये, ओढून बसवतो" म्हणणाऱ्या काकांच्या हाती ते बोट देऊ नका. हे काका प्रत्येक क्लासमध्ये एक असतात.

"मग पट्टी बांधायचीच नाही का?" असे तिसरा पक्ष दुखावून विचारतो. बांधायची ना! पण बांधायची म्हणजे बांधायची, गुंडाळायची नव्हे. गेली दोन वर्षे आठवड्यातून तीन संध्याकाळी मी कन्येची बोटे बांधतो आहे. डॉक्टरांनी समोर बसवून शिकवले आहे. औषधाच्या दुकानात झिंक ऑक्साईडची कापडी, न ताणणारी पट्टी मागावी. वायरमनची काळी टेप चालत नाही. ती ताणते आणि घाम आत कोंडते. अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी हाताने उभी फाडून निम्मी करावी. बोट धुऊन कोरडे करावे, अंगठी काढावी. आमच्या हिने कन्येच्या बोटात पुष्कराज घातला होता. गुरू कोपला तर बघून घेऊ, असे सांगून मी तो काढला.

मग बोट किंचित वाकवून ठेवावे. मुळाच्या पेरावर एक वेढा, मधल्या पेरावर एक वेढा, आणि दोघांच्या मध्ये तिरक्या दोन पट्ट्या, तळव्याच्या बाजूने, सांध्यावर फुलीसारख्या. वरचा गाठीचा भाग उघडा. सगळी खुबी या फुलीत आहे: बोट वाकू देते, पण उलट्या दिशेला जाऊ लागले की अडवते. सांधा बाजूला लचकला असेल तर शेजारच्या बोटाची मदत घ्यायची. दोन बोटांच्या मध्ये गॉजचा तुकडा, सांधे सोडून वर एक वेढा, खाली एक वेढा. करंगळीला अनामिकेचा आधार. शेजारधर्म म्हणतात तो हाच, आणि चाळीत नसला तरी हातात अजून शिल्लक आहे.

बांधून झाले की मूठ वळून बघायची. नख दाबायचे; पांढरे होईल. सोडून "एक, दोन" म्हणेपर्यंत गुलाबी झाले पाहिजे. बोट थंड पडले, निळे झाले, मुंग्या आल्या, तर ताबडतोब सोडायची. आणि नुकत्या सुजलेल्या बोटाला तर आवळायचेच नाही. घामाने पट्टी सैल पडतेच. तेव्हा जुनीवर नवी न चढवता जुनी काढून नवी बांधावी. आमच्या शाखेत परिपत्रकांचे जे झाले आहे ते बोटांचे होऊ देऊ नये. आणि सराव संपला की पट्टी काढायची, कोमट पाण्यात भिजवून, हळू. काही मुले ती शाळेत मिरवतात. दोन दिवसांनी आतले कातडे भिजलेल्या वाटाण्यासारखे होते.

यासाठी मी क्लासच्या समितीला लेखी अर्ज दिला आहे. मागणी एकच: पट्टीचे रजिस्टर ठेवावे. तारीख, नाव, कुठले बोट, काय झाले, कुणी बांधली, कधी काढली. एकाच बोटाचे नाव आठवड्यात तिसऱ्यांदा आले, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही. समितीने दोन महिने विचार करून उत्तर दिले की सूचना चांगली आहे, पण लिहिणार कोण? एका कारकुनाला हा प्रश्न!

गेल्या रविवारी मी दोनशे पानी वही, रकाने आखून, घेऊन गेलो. (बँकेची नव्हे, पावती आहे.) सरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अहो, एवढी पानं?"

क्लासमध्ये मुले बेचाळीस. प्रत्येकी बोटे दहा. आकडा ऐकायला वाईट येतो, पण हिशेब बरोबर आहे. मी म्हटले, "सर, कमीच पडतील."