वाचताना अडणाऱ्या मुलासाठी टॅबलेट घ्यावा का?

तुमचे मूल तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, दुकानातला हिशेब कळतो, पण पुस्तक उघडले की अडते. ‘कमल’चे ‘कलम’ होते, जोडाक्षर आले की गाडी थांबते. शाळेतून चिठ्ठी येते आणि त्याच सुमारास कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मल्टिसेन्सरी लर्निंग अ‍ॅप’ची जाहिरात पाठवते. मग दवाखान्यात प्रश्न येतो, “डॉक्टर, टॅबलेट घेऊ का?”

हा प्रश्न आता जास्त विचारला जाण्याला कारण आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट चांगलेच आहे. पण मुदत जवळ आली की शाळेवर दडपण येते, शाळेकडून ते पालकांवर येते, आणि घाईत आपण वस्तू विकत घेतो.

आधी तपासणी करा. दृष्टी आणि श्रवण, दोन्ही. त्यात दोष नसेल, बुद्धी वयाप्रमाणे असेल, नियमित शाळा असूनही वाचन मागे असेल, तर डिस्लेक्सियाचा विचार होतो. हा डोळ्यांचा आजार नाही आणि आळस तर नाहीच. शब्दातले आवाज सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालणे या मेंदूला कठीण जाते. त्यावर औषध नाही, शिकवण्याची पद्धत हाच उपचार आहे. मराठी माध्यमातल्या मुलाची चाचणी मराठीतूनच व्हावी, असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून मराठीतही आहे.

आता ‘मल्टिसेन्सरी’ म्हणजे काय? अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेली ही पद्धत. अक्षर डोळ्यांनी पाहायचे, त्याचा आवाज ऐकायचा, तोंडाने म्हणायचा आणि त्याच वेळी हाताने गिरवायचा. आपल्याकडची धूळपाटी याहून फार वेगळी नव्हती. मराठीत याची गरज कुठे पडते ते पाहा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण कानाला आधी ‘क’ ऐकू येतो. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, कागदावर मात्र तो ‘य’च्या डोक्यावर बसतो. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. डिस्लेक्सिया असलेले मूल इथेच घसरते. परातीत रवा पसरून, मोठ्याने म्हणत, बोटाने हाच क्रम पुन्हा पुन्हा घेतला की तो हळूहळू बसतो.

या पद्धतीलाही चमत्कार समजू नका. ऑर्टन-गिलिंगहॅमवरच्या अभ्यासांचा २०२१ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात परिणाम आशादायक दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. माझ्या मते या पद्धतीतला भरवशाचा भाग म्हणजे आवाज आणि अक्षर यांचे नाते क्रमाने, उलगडून, भरपूर सरावासह शिकवणे.

तंत्रज्ञानाबद्दलचा पुरावा याहून बोलका आहे. फिनलंडमध्ये तयार झालेला ‘ग्राफोगेम’ हा अक्षर-आवाजाचा खेळ अनेक देशांत वापरला गेला. २०२० मधल्या आढाव्यात शब्दवाचनावर त्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. मात्र जिथे मोठे माणूस शेजारी बसून मुलाशी बोलत होते, तिथे फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे खेळ तोच, फरक शेजारच्या माणसाचा. मराठीत मोफत मिळणारे गूगलचे ‘रीड अलाँग’ वापरायचे असेल, तरी हाच नियम लावा. मुलाच्या हाती फोन देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका.

काचेवर बोट फिरवण्याबद्दलही सावध राहा. २०१२ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. मुलांनी अक्षर स्वतः हाताने काढल्यावर, नंतर ते पाहताना मेंदूतला वाचनाशी संबंधित भाग जागा झाला. नुसते ठिपके गिरवल्यावर किंवा कळ दाबल्यावर तसे झाले नाही. अभ्यास लहान आहे, पण घरी पाटी-पेन्सिल ठेवायला त्याने हरकत नसावी.

खरी मदत तंत्रज्ञान दुसऱ्या ठिकाणी करते. वाचन शिकेपर्यंत इतिहास-विज्ञान थांबत नाही. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांमुळे अशा मुलांचे आकलन थोडे, पण निश्चित सुधारते, असे २०१८ च्या आढाव्यात दिसले. ऐकून शिकणे ही लबाडी नव्हे. चष्म्याला आपण लबाडी म्हणतो का? छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले आहे, त्याची चौकशी करा. खास ‘डिस्लेक्सिया फॉन्ट’, रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम यांवरचा खर्च वाचवा. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच चष्मे आणि व्यायामांना पुरावा नसल्याचे सांगितले आहे.

डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मागता येतात. दहावी जवळ येईपर्यंत थांबू नका, कारण तपासण्यांना वेळ लागतो. टॅबलेटसाठी ठेवलेले पैसे असतील, तर आधी विशेष शिक्षकाच्या तासांची फी विचारा. तेही परवडत नसेल, तर रोज संध्याकाळी वीस मिनिटे, रव्याची परात आणि तुम्ही. आज फक्त ‘कि’ आणि ‘की’, उद्या पुढचे.