पत्ता पाहून मिळणारी शाळा

“अमेरिकेत बापाचं नाव कोणी विचारत नाही, मेहनत करणारा वर येतो.” हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा बोलले जाते की त्याचा पुरावा मागणेही आगाऊपणाचे वाटते. मुलाला तिकडे शिकायला पाठवण्यासाठी जमीन गहाण टाकणारे अब्बा याच वाक्याच्या भरवशावर बँकेच्या कागदावर सही करतात. म्हणून या महिन्यात ते वाक्य जरा तपासून पाहू. खुद्द अमेरिकेतच यावर बरीच वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे.

राज चेट्टी हे नवी दिल्लीत जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले आणि आता हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे अर्थतज्ज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी करखात्याच्या आणि जनगणनेच्या नोंदी जुळवून एक साधा प्रश्न विचारला. तिशीत आलेली मुले, त्याच वयात आपले आईवडील जेवढे कमावत होते त्याहून जास्त कमावतात का? महागाई अर्थातच वजा करून. १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के आईवडिलांच्या पुढे गेले होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी जवळपास निम्मेच. म्हणजे नाणे उडवावे तसे झाले. छापा पडला तर पुढे, काटा पडला तर मागे.

यात देश गरीब झाला असे नाही, उलट त्या काळात अमेरिकेची दौलत कितीतरी वाढली. चेट्टींच्या हिशेबात ही घसरण वाढीचा वेग मंदावल्यामुळे थोडी झाली आणि वाढलेले पैसे मूठभरांकडे गेल्यामुळे जास्त झाली.

इथून वादाला तोंड फुटते. एक बाजू म्हणते, विषमतेची मोजदाद कशाला करता? शेजाऱ्याकडे किती आहे हे बघण्यापेक्षा भाकरी मोठी करा, कर कमी ठेवा, उद्योग वाढू द्या. या बाजूला रोनाल्ड रेगन यांनी बळ दिले. ते १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावरचा केंद्रीय कर ७० टक्के होता. १९८८ पर्यंत तो २८ टक्क्यांवर आला. आज तो ३७ टक्के आहे. दुसरी बाजू आठवण करून देते की १९५० च्या दशकात हाच दर ९१ टक्क्यांच्या आसपास होता आणि तरीही तो काळ मध्यमवर्गाच्या भरभराटीचा होता. (९१ टक्के प्रत्यक्षात भरणारे फार थोडे होते, पळवाटा भरपूर होत्या, हेही सांगितले पाहिजे.) ही बाजू किमान वेतनाकडेही बोट दाखवते. केंद्रीय कायद्याने ते तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे, आणि हा दर जुलै २००९ पासूनचा आहे. अनेक राज्यांनी स्वतःचा दर बराच वर नेला, सगळ्यांनी नाही.

करांवरचे हे भांडण वर्तमानपत्रांत भरपूर येते. मला शाळेत शिकवताना जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, कारण मूल वर येते की नाही हे कराच्या टप्प्यांआधी त्याच्या शाळेत ठरते.

अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. आपल्याकडे घरपट्टीतून गटारे आणि दिवाबत्ती होते, तिथे शिक्षकांचे पगार होतात. यातून काय घडते याचे उदाहरण टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात मिळते. तिथे एजवुड नावाचा भाग बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा. जवळच अलामो हाइट्स ही सधन वस्ती. १९६८ मध्ये डेमेट्रिओ रॉड्रिगेझ या कामगाराने व इतर पालकांनी खटला भरला. कोर्टापुढे आलेले आकडे असे होते: एजवुडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता सुमारे ६,००० डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ४९,००० हून जास्त. एजवुडचे लोक प्रत्येक शंभर डॉलर मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरत, श्रीमंत वस्तीतले ८५ सेंट. म्हणजे गरिबांनी जास्त दराने कर भरला. तरीही त्यातून एजवुडच्या एका मुलाच्या वाट्याला स्थानिक पैसे आले २६ डॉलर, आणि पलीकडच्या मुलाच्या वाट्याला ३३३. राज्य आणि केंद्राची भर धरूनही फरक मोठाच राहिला, ३५६ विरुद्ध ५९४.

या आकड्यांपुढे “गरीब मेहनत करत नाहीत, त्यांना शिक्षणाची कदर नाही” हे बोलणे टिकत नाही. त्या पालकांनी श्रीमंतांपेक्षा मोठी टक्केवारी मुलांच्या शाळेसाठी काढून दिली होती. त्यांची कुवतच तेवढी होती.

मार्च १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही आणि स्थानिक लोकांनी स्थानिक शाळा चालवणे ही रास्त गोष्ट आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. आपल्या राज्यघटनेत सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी हा हक्क आहे. त्याने आपल्या सगळ्या शाळा सुधारल्या असे मी म्हणणार नाही, पण निदान कोर्टात उभे राहायला जागा आहे. टेक्सासच्या पालकांना पुढे राज्याच्या न्यायालयात दाद मागावी लागली. १९८९ मध्ये ते जिंकले आणि १९९३ मध्ये राज्याने श्रीमंत भागांच्या शाळा-कराचा काही हिस्सा गरीब भागांकडे वळवणारा कायदा केला. त्या कायद्यावर श्रीमंत भागांचा राग अजून गेलेला नाही.

“आमच्या भागाचा पैसा आमच्या भागातच राहू दे” हा युक्तिवाद ऐकायला वाईट नाही. आपल्या दीनमध्येही त्याच्याजवळ जाणारे तत्त्व आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठवले तेव्हा जकात तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्यायची, अशी ताकीद दिली होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुआज (रजि.) यांनी यमनच्या जकातीचा काही भाग मदीनेला पाठवला तर हजरत उमर नाराज झाले, असे अबू उबैद यांच्या ‘किताबुल अमवाल’मध्ये आले आहे. मी तुम्हाला वसुलीला पाठवले नव्हते, असा त्यांचा रोख होता. मुआज (रजि.) यांचे उत्तर होते की इथे घेणारा उरलाच नाही, म्हणून पाठवले.

मग एजवुडच्या निकालात आणि यात फरक कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे फरक कुंपणाचा आहे. यमनमध्ये देणारा आणि घेणारा एकाच वस्तीत धरले होते. अलामो हाइट्स ही मात्र सॅन अँटोनिओच्या पोटात असूनही वेगळी नगरपालिका आहे. श्रीमंतांनी आधी आपली हद्द वेगळी आखायची आणि मग हद्दीतला पैसा हद्दीतच राहावा म्हणायचे, यात “स्थानिक” या शब्दाचा उपयोग गरिबाला बाहेर ठेवण्यासाठी होतो. धन फक्त धनवानांमध्येच फिरत राहू नये, या सूरह हश्रमधल्या आदेशाशी हे जुळवायला गेलो तर जुळत नाही. अर्थात मुस्लिम देशांतली उंच कुंपणे पाहिली की आपणही फार ताठ मानेने बोलू नये.

पैसा थेट मुलांपर्यंत पोहोचवला तर काय होते, हे अमेरिकेने एकदा करूनही पाहिले. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर आणि त्याहून मोठ्यांमागे ३,००० डॉलर केली. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला घरात हप्ता येऊ लागला. कर भरण्याइतकी कमाई नसलेल्या घरांनाही तो मिळाला, हे विशेष. सरकारी मदत धरून मोजलेल्या गरिबीत असलेल्या मुलांचे प्रमाण त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरले. मग संसदेत मुदतवाढीला पुरेशी मते मिळाली नाहीत. काम न करणाऱ्याला फुकट पैसे का, हा विरोधकांचा मुख्य सवाल होता. २०२२ मध्ये प्रमाण पुन्हा १२.४ टक्के झाले.

आता आपल्या अब्बांच्या वाक्याकडे. स्थलांतरितांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, हे मान्य केले पाहिजे. रॅन अब्रामित्स्की आणि लिआ बूस्टन या दोन अर्थतज्ज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या. बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांची मुले, तितक्याच गरीब अमेरिकन कुटुंबांतल्या मुलांपेक्षा जास्त वर चढतात, असे त्यांना दिसले. तेव्हाही आणि आताही. एक मोठे कारण त्यांनी दिले ते असे की बाहेरून आलेला माणूस जिथे संधी आहे तिथे जाऊन राहतो, तर तिथलाच माणूस आपल्या गावाला आणि नात्यागोत्याला धरून राहतो. शिवाय आपल्या देशात डॉक्टर असलेला बाप तिकडे टॅक्सी चालवतो तेव्हा त्याचे उत्पन्न गरिबाचे असते, घरातले वातावरण शिकलेल्या माणसाचे असते.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थिरावलेल्या आपल्या नातेवाइकांना घर कसे निवडले विचारा. बहुतेक जण आधी शाळेचे नाव सांगतील, मग खोल्या किती ते. आईबाप म्हणून त्यांनी तेच करायला हवे होते, मीही तेच केले असते. पण त्या शाळेची किंमत घराच्या किमतीत मिसळलेली असते, आणि तेवढे पैसे नसलेल्याचे मूल कुंपणापलीकडच्या शाळेत जाते. अमेरिकेतल्या मुसलमानांपैकी सुमारे २० टक्के कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्यातली कितीतरी कुटुंबे अशाच कुंपणापलीकडच्या वस्त्यांत राहतात. रमजानमध्ये उपनगरातल्या मशिदीत जकात जमते तेव्हा तिथली “आपली वस्ती” कुठपर्यंत धरायची, हा प्रश्न तिकडच्या भावांनी आणि बहिणींनी आपल्या इमामसाहेबांना जरूर विचारावा.