डोंगर कधी बंद होतो का?

पावसाळ्यात दरवर्षी बातमी ठरलेली: दरड कोसळली, आंबा घाट बंद. डोंगर काही बंद होत नाही. बंद होते ती वाट. आंबा, कुंभार्ली, वरंधा, माळशेज ही सगळी वाटांची नावं. डोंगर तो सह्याद्री. युरोपातून आलेल्यांनी मात्र वाटेचं नाव अख्ख्या रांगेला चिकटवलं आणि तेच ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत शिरलं. २०१२ साली कास, कोयना, चांदोली, राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेली, तीही याच नावाखाली. सह्याद्रीसारखं नाव घरात असताना ही उसनवारी कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे नदीवर उतरायची जागा. त्याचाच घाट झाला. म्हणून कोल्हापुरात पंचगंगेच्या पायऱ्याही घाट आणि कोकणात उतरणारी वाटही घाट. पाणी असो की कडा, जिथून धडपणे खाली जाता येतं ती जागा महत्त्वाची. आणि जिथून सगळ्यांना जावंच लागतं, तिथे जकातवाला बसणारच! जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा माल नाणेघाटातून उतरायचा. माथ्यावरच्या चिंचोळ्या खिंडीच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं सांगतात. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख भिंतभर कोरलेला आहे. त्यात यज्ञ आणि दानं यांचीच यादी. जकातीच्या वाटेवर दानाचा हिशेब लिहायचा, हे सातवाहनांना बरोबर सुचलं.

उतरता येतं म्हणून प्रत्येक वाट काही घाट होत नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. तिला कुणी घाट म्हणत नाही. बोरघाटातून मात्र १८६३ साली आगगाडीसुद्धा गेली. घाट उतरून मुंबईत पोटासाठी आलेल्यांना तिथे ‘घाटी’ म्हणून हिणवलं गेलं, तो भाग वेगळा.

कोकणात ‘घाटावर’ म्हणजे देशावर. लेक घाटावर दिली, असं तिथे कौतुकाने सांगतात. पुण्यात दहाव्याला घाटावर जातात, त्यामुळे तिकडच्या व्याह्यांपुढे हे वाक्य जरा जपूनच बोलावं.