स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावर नर्सिंग शिकायला जायचंय? भंडाऱ्यातून निघण्याआधी हे समजून घ्या

बारावी सायन्सनंतर नर्सिंग करायचं आणि तेही परदेशात, असं ठरवून मोबाईलवर शोधायला बसलं की आधी जर्मनी येतं, मग आयर्लंड, मग माल्टा. आणखी खाली स्क्रोल केलं की नकाशात पटकन सापडणार नाहीत अशी नावं दिसतात. ग्रान कनारिया, तेनेरिफे, मायोर्का, पोर्तो रिको. सगळी बेटं आणि सगळीकडची भाषा स्पॅनिश.

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीने तिथे जाऊन नर्स व्हायचं ठरवलं तर जाता येईल का? येईल, कायद्याची आडकाठी नाही. अडचण चार वर्षांनंतर सुरू होते. हातात आलेली डिग्री कुठल्या देशात आणि कुणाच्या परवान्यावर चालणार, हे प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी सांगत नाही. नर्सिंगमध्ये तर सगळं त्यावरच अवलंबून असतं.

बाहेर जावंसं का वाटतं?

भंडारा हा सात तालुक्यांचा, धानाचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरकडच्या मुलींसाठी नर्सिंग हा नोकरीचा त्यातल्या त्यात खात्रीचा रस्ता मानला जातो. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, आणि मग नागपूरचं एखादं खासगी हॉस्पिटल किंवा कंत्राटी सरकारी जागा.

पण पगाराचं काय? खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या पगारावर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलनेही महिन्याला किमान २० हजार रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस समितीने केली. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतर राज्यांतल्या संघटना अजूनही अंमलबजावणीच मागतायत.

आणि भंडाऱ्याला आणखी एक आठवण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं दगावली. त्यानंतर डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. कुणाची किती चूक, हा न्यायालयाचा विषय. पण कंत्राटावर काम करणाऱ्या सिस्टरच्या डोक्यावर किती जबाबदारी असते आणि पाठीशी किती कमी आधार असतो, हे या जिल्ह्याने फार जवळून पाहिलंय. बाहेर जाणाऱ्या मुलीला नुसती पैशाची हाव सुटलीय असं म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

बेट कुणाचं, ते आधी बघा

स्पॅनिश बोलणारी बेटं सगळी एकाच माळेतली नाहीत. कॅनरी बेटं (ग्रान कनारिया आणि तेनेरिफे त्यातलीच) आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आहेत, मायोर्का भूमध्य समुद्रात. पण दोन्ही स्पेनची, म्हणजे युरोपियन युनियनची. पोर्तो रिको कॅरिबियन समुद्रात आहे, पण १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात. क्युबा स्वतंत्र देश आहे. दिसायला सगळीकडे नारळ आणि वाळू असली तरी व्हिसा, परवाना आणि पुढची नोकरी यांचे कायदे पूर्ण वेगळे.

यातला सगळ्यात दमदार पर्याय स्पेनचा. लास पाल्मास आणि ला लागुना इथल्या सार्वजनिक विद्यापीठांत चार वर्षांची नर्सिंग डिग्री मिळते. युरोपियन नियमांनुसार नर्सच्या शिक्षणात किमान ४६०० तास लागतात आणि त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णांसोबत घालवावे लागतात. हा अभ्यासक्रम पूर्ण केला की डिग्रीला युरोपियन युनियनच्या इतर देशांतही मान्यता मिळते. कागदावर हे फारच आकर्षक आहे.

आता प्रवेशाचं. स्पेनमध्ये नर्सिंगला मोठी मागणी आहे, अनेक सार्वजनिक विद्यापीठांत कट-ऑफ १४ पैकी ११ च्या पुढे जातो. परदेशी विद्यार्थ्याला आधी बारावीची समकक्षता मिळवावी लागते आणि चांगल्या गुणांसाठी विषयवार परीक्षाही द्याव्या लागतात. स्टुडंट व्हिसासाठी दरमहा किमान ६०० युरो, म्हणजे साधारण ५५ ते ६० हजार रुपये खर्चाची सोय दाखवावी लागते. फी वेगळी. २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार शिकताना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. पण हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, वर्ग आणि नवी भाषा सांभाळून ३० तास कुठून काढायचे?

भाषेचं गणित

इंजिनिअरिंग शिकताना तोडकीमोडकी भाषा चालून जाते, कारण मशीन बोलत नाही. नर्सचं काम रुग्ण बोलण्यापासूनच सुरू होतं. भंडाऱ्याच्या वॉर्डात म्हातारी म्हणते, ‘पोटात कसंतरीच होऊन रायलं.’ ही मळमळ आहे, आग आहे की भीती, हे गावाकडची सिस्टर तिच्या चेहऱ्यावरून आणि बोलण्याच्या लकबीवरून ओळखते. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या माणसाला झाडीबोलीतली ही तक्रार कळायला वेळ लागेल.

बेटावरही तेच होणार. क्लासमध्ये बससाठी ‘आउतोबुस’ शब्द शिकवतात. कॅनरी बेटांवर, क्युबात आणि पोर्तो रिकोत मात्र लोक बसला ‘ग्वाग्वा’ म्हणतात. बसचं नाव चुकलं तर फार तर थांबा चुकेल, पण औषधाचा डोस, ॲलर्जी, दुखण्याची जागा यात चूक झाली तर? म्हणून तिथे चार वर्षं नर्सिंग शिकायचं तर युरोपियन मोजपट्टीवरच्या बी-टू पातळीपर्यंतची स्पॅनिश गरजेची धरून चालायला हवं. एवन, एटू, बीवन, बीटू, सीवन, सीटू अशा सहा पायऱ्यांमधली ही चौथी पायरी. तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सने ती गाठता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. भाषा पक्की झाली की ती आयुष्यभराची पुंजी. आणि भारतीय माणूस कॅनरी बेटांवर अगदी नवखा नाही, सिंधी व्यापारी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुकानं चालवतायत. मात्र त्यांनी वॉर्डात नाईट ड्यूटी केली नाही, त्यामुळे त्यांच्या उदाहरणावर फार विसंबू नये.

डिग्री मिळाली, मग नोकरी?

स्पेनच्या सरकारी आरोग्यसेवेत कायम जागेसाठी नियमाने स्पेनचं किंवा युरोपियन युनियनमधल्या देशाचं नागरिकत्व लागतं, किंवा तिथल्या नागरिकाशी कुटुंबाचं नातं. भारतीय माणसाला स्पेनचं नागरिकत्व मागायला १० वर्षांचा कायदेशीर रहिवास दाखवावा लागतो. शिक्षणासाठी काढलेली वर्षं त्यात धरली जात नाहीत. म्हणजे चार अधिक दहा. फिलिपिन्सच्या नर्सला मात्र दोनच वर्षं पुरतात, कारण तो देश कधीकाळी स्पेनच्या राज्यात होता. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, त्यामुळे शेवटी पासपोर्टही सोडावा लागेल.

तोवर काय? खासगी हॉस्पिटल आणि वृद्धाश्रम. तिथे वर्क परमिटवर काम मिळू शकतं. पण स्पेनच्या स्वतःच्या नर्सेस बऱ्या पगारासाठी कित्येक वर्षं ब्रिटन आणि नॉर्वेला जात आल्या आहेत, एवढ्यावरून पगाराचा अंदाज यावा.

पोर्तो रिकोमार्गे अमेरिका?

हा सगळ्यात फसवा रस्ता. पोर्तो रिको अमेरिकेचा भाग, म्हणून तिथे शिकलं की न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडात नोकरी, असं सोपं समीकरण मांडता येतं. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नर्सला एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते आणि अमेरिकेत ती इंग्रजीत होते. म्हणजे चार वर्षं स्पॅनिशमध्ये शिकायचं आणि परवान्याची परीक्षा इंग्रजीत द्यायची.

त्यानंतर व्हिसा. शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावर साधारण वर्षभर काम करता येतं. मग नर्सेस बहुतेक करून ईबी-३ प्रकारच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करतात. ही रांग जन्माच्या देशानुसार लागते, शिक्षणाच्या देशानुसार नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की २०२५ मध्ये पुढे सरकत होते ते २०१२-१३ च्या सुमारास लावलेले अर्ज. भंडाऱ्यात जन्मलेली मुलगी पोर्तो रिकोत शिकली काय किंवा नागपुरात, ती याच रांगेत उभी राहणार. आणि भारतातून बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनाही एनक्लेक्स देता येते, परीक्षा केंद्रंही भारतात आहेत. मग बेटाचा खर्च कशासाठी?

परत यायचं ठरलं तर

घरी अडचण आली, मन रमलं नाही, लग्न ठरलं. परत येण्याची कारणं शंभर. पण परदेशी नर्सिंग डिग्रीवर महाराष्ट्रात थेट नोंदणी होत नाही. आधी राष्ट्रीय पातळीवर समकक्षता मिळवावी लागते. १९४७ च्या कायद्याखाली हे काम भारतीय नर्सिंग परिषदेकडे आहे आणि त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलाय. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. परदेशी डिग्रीचा निर्णय प्रकरणानुसार होतो, म्हणून अभ्यासक्रम, तास, प्रशिक्षणाचं हॉस्पिटल या सगळ्याची स्पॅनिश कागदपत्रं अनुवाद करून जपून ठेवावी लागतील.

शिष्यवृत्तीचाही भरवसा नको. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. बारावीनंतरच्या नर्सिंगला ती लागू होत नाही. म्हणजे उरलं कर्ज किंवा शेती.

एजंटवर कायद्याचा वचक कमी

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परवाना लागतो. तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही आणि त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. पण हा कायदा नोकरीसाठी आहे. विद्यार्थ्यांना परदेशी कॉलेजमध्ये पाठवणारा सल्लागार त्याच्या कक्षेत येत नाही, त्याच्या फीला ही मर्यादा नाही. त्यामुळे ‘शिका आणि मग नोकरी’ असं पॅकेज विकणारा माणूस नोकरीचं आश्वासन देऊनही विद्यार्थी सल्लागार म्हणून मोकळा राहतो. कॉलेजचं पत्र, त्या देशाच्या नर्सिंग नियामकाची मान्यता आणि भारतातली समकक्षता, हे तिन्ही लेखी मिळेपर्यंत एक रुपयाही पुढे सरकवू नये.

मग जर्मनीचं काय?

शिकण्यासाठीच बाहेर जायचं असेल तर तुलना जर्मनीशी करायला हवी. तिथे २०२० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार तीन वर्षांच्या नर्सिंग प्रशिक्षणाला शाळेची फी नाही, उलट प्रशिक्षणार्थीला महिन्याचे पैसे मिळतात. सार्वजनिक क्षेत्राच्या वेतन करारात २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला महिना १३४० युरो होते, म्हणजे कपातीआधी सव्वा लाख रुपयांच्या आसपास. भाषेचा डोंगर इथेही आहेच, बीवन-बीटू जर्मन लागतं आणि घरभाडंही याच पैशांतून.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १० हजार तरुणांना पाठवण्याचं उद्दिष्ट होतं आणि यादीत नर्सेसही होत्या. सरकारी करार झाला म्हणून प्रत्येक मुलीच्या हातात नेमणुकीचं पत्र पडत नाही, ते जर्मनीतल्या हॉस्पिटलशी स्वतंत्रपणे ठरावं लागतं.

तिसरा रस्ता घराजवळचा. राज्याची बी.एस्सी. नर्सिंग सीईटी द्यायची, चार वर्षं इथे शिकायचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात घ्यायची आणि शिकतानाच जर्मन किंवा स्पॅनिशचा क्लास लावायचा. भंडाऱ्याचं सरकारी मेडिकल कॉलेजही ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० जागांसह सुरू झालंय. या रस्त्याने स्पेनला जाणाऱ्या नर्सला तिथे डिग्रीची समकक्षता आणि भाषा दोन्ही सिद्ध करावं लागेल, त्यात वेळ जाईल. पण तेवढा काळ तिच्याकडे इथे कमावता येईल असा एक परवाना असेल.