सर्पदंश : औषध आहे, वेळ दवडूं नये

महाभारताच्या आदिपर्वांतील परीक्षिताची कथा वाचकांस ठाऊक आहेच. सर्पविष उतरविणारा काश्यप राजाकडे निघाला होता. परंतु तक्षकानें त्यास द्रव्य देऊन वाटेंतूनच परत फिरविलें. विद्या होती, वैद्य होता. तो वेळेवर पोंचला नाहीं, इतकेंच. भारतांत २००० ते २०१९ या वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकीं कित्येकांचा काश्यप असाच वाटेंत अडला असेल.

जळगांव-धुळ्याकडे ज्यांपासून जपावें असे विषारी सर्प मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. नाग व मण्यार यांच्या विषानें मज्जातंतूंचें कार्य थांबून श्वास बंद पडतो. घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. मण्यार विशेष फसवी. ती रात्रीं जमिनीवर निजलेल्यास डसते; वेदना अल्प, व्रण बहुधा दिसतही नाहीं. पहांटे पोट दुखूं लागलें, पापण्या मिटूं लागल्या, गिळतां येईना, तर अपचन समजून ओवा देत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

दंश होतांच रुग्णास धीर द्यावा, चालूं देऊं नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्या. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा. जखम कापूं नये, चोखूं नये. सुश्रुतानें दंशाच्या वर चार अंगुळांवर बंध सांगितला आहे. परंतु घट्ट बंधानें रक्तप्रवाह थांबून अवयव गमावण्याचें भय असतें, म्हणून आजचे वैद्य तो वर्ज्य मानतात. सर्प मारून नेण्याचेंही कारण नाहीं. घोड्यांच्या रक्तद्रवापासून केलेली प्रतिविषाची लस या चारही सर्पांच्या विषावर चालते. ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. बालकासही ती मोठ्यांइतकीच लागते, कारण लहान म्हणून सर्प विष कमी घालीत नाहीं. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

पावसाळ्यांत खाटेवर निजावें, मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी, रात्रीं विजेरीवांचून बाहेर पडूं नये. कोठींतील उंदीर हें सापास आमंत्रणच. शेतावरील सालदारास हें सर्व समजावून सांगणें व गमबूट घेऊन देणें हें मालकाचें कर्तव्य होय.

बिनविषारी सर्प डसलेला मनुष्य मंत्रावांचूनही वांचतो; श्रेय मात्र मांत्रिकास मिळतें. देवाचें नांव अवश्य घ्यावें. पण तें रुग्णालयाच्या वाटेवर, गाडींत बसून.